दोन इंजिनांचा चकवा

तुम्ही दोन इंजिनांची, आत खोली असलेली बोट घेताय म्हणे. मग आधी बसा, चहा घ्या आणि माझी फजिती ऐका. चावीला हात नंतर लावा. मी ही स्वतःच्या तोंडानेच सांगते, कारण मालवणच्या बंदरावर ती दुसऱ्या कुणाकडून ऐकलीत तर तिच्यात मी मेलेली असते.

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. पुढचं सगळं माझं मी शिकले. खानावळ मी उभी केली. एका इंजिनाची होडी मी नवऱ्यापेक्षा बरी हाकायचे. तो होता तेव्हा त्याच्या तोंडावर सांगायचे, आता फोटोसमोर सांगते. फोटोही वाद घालत नाही.

तर ही बोट. गोव्याकडच्या एका हॉटेलाने वापरून काढलेली, मी विकत घेतलेली. आत झोपायला दोन बाकडी, हात धुवायला बेसिन, मागे दोन इंजिनं, आणि पुढे चाकाच्या बाजूला प्रत्येक इंजिनाचा एक, असे दोन दांडे. दांडा पुढे ढकलला की ते इंजिन बोट पुढे लोटतं, मागे ओढला की मागे, आणि मध्ये ठेवला की नुसतं घुरघुरत बसतं. खानावळीत जेवायला येणाऱ्या पर्यटकांना डॉल्फिन दाखवायचे असा माझा बेत होता.

माझा मुलगा प्रकाश कणकवलीला गाड्यांचं गॅरेज चालवतो. त्याने बोटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, तुला झेपायची नाही. एवढ्यावर थांबला नाही, बांद्याचा एक गिऱ्हाईकही शोधून आणला. तो रविवारी बोट न्यायला येणार होता.

मी काय गप्प बसणार? मी सांगितलं, शुक्रवारी मी ही बोट आचऱ्यापर्यंत नेते आणि परत आणते. सोबत होडी हाकणारा कुणी तांडेल नको, कुणाची मदत नको. सुखरूप आणली तर बोट माझी. नाही आणली तर खुशाल वीक. प्रकाशने थोडा विचार केला आणि कबूल झाला. मात्र साक्षीदार हवा म्हणाला. म्हणून आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नणंदबाई, पूजेच्या सामानासकट बोटीत बसल्या.

आता हे नीट ऐका. कामाचं आहे. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून मी वही भरली होती. चावी फिरवायच्या आधी इंजिनाच्या खणातला पंखा लावा आणि कोंडलेली पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ द्या. तेल बघा. इंजिन सुरू झालं की मागून पाणी थुंकतंय का ते बघा, थुंकत नसेल तर लगेच बंद करा. लाईफ जॅकेट बाकड्याखाली ठेवू नका, अंगात घाला. आणि कुठे चाललात ते किनाऱ्यावर कुणाला तरी सांगून जा. हे सगळं मी केलं. धक्क्यावरून बोट कुठेही न घासता काढली.

वहीत नसलेली एक गोष्टही मी केली. नवी वस्तू म्हटल्यावर पूजा नको? चाकासमोर काचेचा गोल होका असतो, दिशा दाखवणारा. इतका गोल, पाण्यात डुलणारा, थेट देवासारखा दिसतो. त्याला मी बोटभर हळद आणि बोटभर कुंकू लावलं, वर अबोलीचा वळेसार, म्हणजे गजरा, घातला. देव प्रसन्न दिसला. दिशा मात्र दिसेनाशी झाली.

ऊन वर आलं होतं, समुद्र तेलासारखा गुळगुळीत. दोन्ही दांडे पुढे टाकून आम्ही अर्धी वाट आलो. आणि समोरून धुकं आलं.

धुकं डोंगरात बघितलंत ते वेगळं. समुद्रातलं धुकं चालत येतं. आधी किनारा गेला, मग पाणी गेलं, मग बोटीचं पुढचं टोक गेलं. वन्सं माझ्यापासून दोन हातांवर बसल्या होत्या, त्यांचं कुंकू तेवढं मला दिसत होतं. आवाजसुद्धा कापसात गुंडाळल्यासारखा.

अशा वेळी काय करायचं? वहीत होतं: दोन्ही दांडे मध्ये आणा, थांबा, कान द्या, मग अगदी हळू आवाज करत पुढे जा. मी थांबले. कान दिला. भोंगा वाजवायला बटण दाबलं तर काचेवरचा वायपर फिरू लागला. दुसरं दाबलं तर खोलीतला दिवा लागला. शेवटी वन्संच्या पिशवीतली पूजेची घंटा घेतली. वन्सं दोन्ही हातांनी कठडा धरून बसल्या होत्या, तेव्हा घंटा माझ्या डाव्या हातात. चाक सरळ करून कोपराने धरलं, उजव्या हाताने दांडा पुढे ढकलला आणि घंटा वाजवत आम्ही हळूहळू निघालो.

काही वेळाने डावीकडून जाळ्याची खूण गेली. बांबूची काठी, वर काळा फडका. मासेमार पेरलेल्या जाळ्यावर अशी काठी तरंगत ठेवतात. तिच्यापासून लांब राहायचं, इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात दोरी अडकते. मी लांब राहिले.

आणखी काही वेळाने डावीकडून तशीच काठी गेली. काळा फडका.

मी म्हटलं, असतील दोन जाळी. मग तिसऱ्यांदा गेली. या वेळी फडक्याचा फाटका कोपरासुद्धा तोच होता.

"वयनी," वन्सं हळूच म्हणाल्या, "ह्यो बावटो मगाशी येवन गेलो मा?"

मी त्यांना गप्प केलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि त्या दिवशी तर अजिबात नको होता. मी समोरच्या यंत्राच्या पडद्याकडे बघितलं. बोट कुठून कशी गेली त्याची रेघ त्याच्यावर उमटते. ती आचऱ्याकडे सरळ जायला हवी होती. पण पडद्यावर वर्तुळ होतं. वर्तुळावर वर्तुळ, त्याच्यावर अजून एक. आणि माझ्या डोळ्यांदेखत ती रेघ आणखी एक वर्तुळ काढत होती. चाक माझ्या कोपराखाली सरळ होतं, इंजिनं दोन्ही घुरघुरत होती. मग ही रांगोळी कोण काढत होतं?

"चकवो लागलो," वन्सं म्हणाल्या आणि पडद्यावर पदर टाकला.

चकवा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. रानात माणसाला लागतो आणि त्याच त्या झाडाखाली फिरवत ठेवतो. पण दर्यात? दर्यात झाड नाही म्हणून त्याने काठी घेतली असेल. मी घंटा जोराने हलवू लागले. डावा हात भरून आला, तरी थांबायचा धीर होईना.

आणि तेवढ्यात वास आला. विडीचा.

किनारा कितीतरी लांब. आसपास ना माणूस दिसत होतं, ना होडी. आणि धुक्यातून विडीचा धूर नाकात शिरत होता. आमच्याकडे विडी कोण मागतो ते पोराटोरांनाही ठाऊक आहे. राखणदार, त्या जागेची राखण करणारा अदृश्य पुरुष. वन्संनी माझा दंड धरला. मग कुणीतरी खोकलं. आणि लांबून, खालच्या आवाजात, हाक आली: "कोण आसा रे थंय?"

आता शहाण्या माणसाने काय करावं? ओ द्यावी. सांगावं, आम्ही अमुक बोटीवाल्या, वाट चुकलो. पण आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, अशा जागी आलेल्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. आम्ही तोंडं मिटून बसलो. मग मी धीर करून तसंच विचारलं, कोण आहे म्हणून. तर त्या बाजूनेही कुणी ओ दिली नाही. खोकलासुद्धा बंद झाला. विडीचा वास तेवढा राहिला आणि सातव्यांदा काळा फडका डावीकडून गेला.

मग मात्र मी उपायाला लागले. चकवा उतरवायला अंगावरचं कापड उलटं करायचं असतं. पातळ उलटं नेसायला जागा कुठली? आम्ही दोघींनी लाईफ जॅकेटं काढली आणि आतली बाजू बाहेर करून घातली. पट्टे गळ्याशी आले, शिट्टी आत दबली. हे तुम्ही करू नका. पाण्यात पडलात तर उलट्या जॅकेटाची शिट्टी मासेच वाजवतील.

तरी काठी आलीच. आठव्यांदा.

शेवटी मी तेच केलं जे आमच्याकडे अडलेला माणूस करतो. घंटा वाजवत उभी राहिले आणि देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. खरं सांगते, आवाज माझा मलाच ओळखू येत नव्हता.

"बा देवा म्हाराजा, जो कोण तू हयसरचो राखणदार आसशीत..."

आणि धुक्यातून उत्तर आलं. एका गळ्यातून नव्हे, चार गळ्यांतून, खोल, ओढून ओढून:

"व्हय म्हाराजा."

वन्सं बसल्या जागेवरून खाली घसरल्या. मीही घसरले असते, पण सुरू केलेलं गाऱ्हाणं अर्धवट सोडायचं नसतं. मी पुढे म्हणाले, "माझ्या झिलान सांगल्यान, ही बोट तुका झेपाची नाय. मिया आयकूक नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

भूत इतक्या लगेच कबूल झालेलं मला आवडलं नाही. पण ती वेळ वाद घालायची नव्हती. "आमका घराक पोचय. बोटीची चावी मिया झिलाच्या हातात देतंय. विकूंदे. म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आणि धुकं फाटलं. गाऱ्हाण्याने फाटलं की उन्हाने, ते तुमचं तुम्ही ठरवा. समोर, वीस हातांवर, काळ्या फडक्याच्या काठीपलीकडे, नांगर टाकून उभी असलेली एक होडी होती. होडीत चार माणसं, एकमेकांना चिकटून बसलेली. चौघांचेही शर्ट उलटे. खिसे कानांसारखे बाहेर लोंबत होते. आम्ही त्यांच्याकडे बघतोय, ते आमच्याकडे बघतायत. दोन्ही बाजू उलट्या, आणि माझा हात अजून घंटा वाजवतोय.

होडीचा तांडेल हसनभाई. माझ्या खानावळीत मासे घालणारा. त्याने विडी तोंडातून काढली.

"वयनी," तो म्हणाला, "तू जिती आसस मा?"

मग सगळं कळलं. ते बिचारे धुकं जायची वाट बघत थांबले होते. तेवढ्यात भोवती घंटा फिरू लागली. इंजिनाची घुरघुर, देवळाची घंटा, आणि कुणी दिसत नाही. हाक मारली तर ओ नाही. मग उलट म्हाताऱ्या बाईची हाक आली, तर त्यांनीही तोंडं मिटली, कारण त्यांच्या आयांनी त्यांना तेच शिकवलं होतं. पण गाऱ्हाणं कानावर पडलं, आणि त्यातल्या प्रत्येक 'म्हाराजा'ला ऐकणाऱ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचंच असतं, ते आपोआप झालं. हसनभाई म्हणाला, ह्या गावात वाढललो माणूस तां आयकान गप कसो ऱ्हवतलो?

मी चावी बंद करून बोट त्यांच्या होडीला टेकू दिली आणि विचारलं, चकवा कुठल्या बाजूने आला. हसनभाई आमच्या बोटीत डोकावला, दोन दांड्यांकडे बघितलं आणि डोळे मिटून मान खाली घातली. मला वाटलं, प्रार्थना करतोय. हसू आवरत होता.

"एक दांडो फुडे," तो म्हणाला, "आणि एक मदीच."

जन्मभर मी एका इंजिनाची होडी हाकली, एका दांड्याची सवय. एका हातात घंटा, एका हाताने दांडा, तोही एकच. उजवं इंजिन बोट पुढे लोटत होतं आणि डावं नुसतं घुरघुरत होतं. एकाच बाजूने ढकलल्यावर बोट काय करणार? घाण्याच्या बैलासारखी फिरणार. चाक सरळ असलं तरी, हळू वेगात तर हमखास. तेव्हा लिहून घ्या: निघताना दोन्ही दांडे हाताने चाचपा, दोन्ही. एकाच इंजिनावर जायची वेळ आली तर बोट वळते त्याच्या उलट्या बाजूला चाक धरा. आणि होक्याला नमस्कार लांबूनच करा.

दोन्ही दांडे पुढे टाकून मी बोट सरळ मालवणला आणली. आचरा राहिला, पण बोटीवर एक ओरखडा नाही. आता वन्संना मी वाटेत समजावून बघितलं, की चकवा नव्हताच, मग नसलेल्याला दिलेला शब्द तो शब्द कसला? वन्सं म्हणाल्या, चार गळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलंय. तेव्हा शब्द पाळायचा ठरला. संध्याकाळी प्रकाश आला, तेव्हा काही न लपवता सगळं सांगितलं आणि चावी त्याच्या हातात ठेवली. ती ठेवताना माझी बोटं तिच्यावरून सुटत नव्हती. त्याने एक एक करून सोडवली.

रविवारी बांद्याचा गिऱ्हाईक आला. येता येता बंदरावर चहाला थांबला. त्या दोन दिवसांत हसनभाईच्या तीन सोबत्यांनी गोष्ट आचऱ्यापासून देवबागेपर्यंत पोचवली होती, आणि प्रत्येक धक्क्यावर मी थोडी थोडी जास्त मेले होते. गिऱ्हाईक घरापर्यंत आलाच नाही. बंदरात बोट बघितली आणि तिथूनच प्रकाशला फोन केला. प्रकाशने स्पीकर लावला, मी बांगडे तळत होते.

गिऱ्हाईक म्हणाला, बोट पसंत आहे, इंजिनं चांगली आहेत. "पण तिच्यात एका म्हातारेचा भूत आसा म्हणतत. घंटा वाजवता, आणि कोणाचा आयकणा नाय. तेवढा भायर काढून दिलास, तर आजच न्हेतंय."

प्रकाशने माझ्याकडे बघितलं. मग खिशातून चावी काढली आणि माझ्या पोळपाटावर ठेवली.

"तां माझ्या बापाशीक चाळीस वर्सां जमूक नाय," तो फोनमध्ये म्हणाला. "माका खंयचा जमतला?"