उंबऱ्यावरचं उसाचं कांडं

देवानं मला दारातून परत पाठवलं, असं मी सहा महिने मनात धरून बसलो होतो. मोजणी खात्यात माझी सगळी नोकरी गेली. शिरोळपासून चंदगडपर्यंत लोकांच्या बांधांवरून इतका चाललो की चपला घेताना दुकानदार आधी दोन जोड काढून ठेवायचा. निवृत्तीनंतर कंपवात लागला. हाताच्या थरथरण्याचं मी फार मनावर घेतलं नाही, बशीत चहा सांडला तर बशीनं प्यायचा. पण पुढे पाय अडकायला लागले. मोकळ्यावर बरा चालायचो, मात्र दार किंवा अरुंद बोळ आला की पाय जमिनीला चिकटायचे. अंग पुढे निघालेलं आणि पाय जागेवरच. ज्याला हे झालेलं नाही त्याला सांगून कळत नाही आणि मी कुणाला सांगायलाही गेलो नाही.

आमच्या घरात दत्ताची उपासना आहे. निवृत्तीनंतर मी आणि आमची ही, दोघं सायकलींवरून नरसोबाच्या वाडीला जायचो. घाई कसलीच नसायची. वाटेत कुणाच्या गुऱ्हाळात रस प्यायचा, एखाद्या जुन्या घाटावर भाकरी सोडायची आणि परत येताना कवठाची बर्फी आणायची. आजार आल्यावर सायकली जिन्याखाली गेल्या आणि आम्ही एसटीनं जाऊ लागलो. अशाच एका पौर्णिमेला वाडीच्या दर्शनबारीत, दोन कठड्यांच्या मधे, माझे पाय अडकले. मागे सगळी गर्दी खोळंबली. कुणीतरी म्हणालं, “आजोबा, सरका की.” मला सरकता येईना. शेवटी दोघांनी काखेत हात घालून मला बाजूला काढलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी दर्शन न घेता परतलो. पादुका तिथून दहा पावलांवर होत्या.

त्या दिवसानंतर मी देवापुढचा दिवा लावणं सोडलं. ही लावायची, आणि मी पेपर तोंडापुढे धरायचो. बाहेर जाणंही बंद केलं. पुढे पुढे तर आपल्याच न्हाणीघराच्या दारात अडकायला लागलो आणि वाटलं, आता हे असंच, एकेक दार बंद होत जायचं. मी हिला म्हणालो, माझी सायकल पेपरवाल्याला देऊन टाक, धूळ खातेय. तिनं फडकं आणून सायकल पुसून ठेवली. मग मीच चिडून सायकल फाटकाबाहेर काढली. हँडल हातात होतं, पाय सवयीनं पायडलवर गेला आणि काय होतंय हे कळायच्या आत मी गल्लीच्या टोकाला पोचलो होतो. पाय गरगर फिरत होते. मागं वळून पाहिलं तर ही फाटकात तोंडावर हात धरून उभी. डॉक्टरांनी ऐकलं आणि हसले. म्हणाले, काही रोग्यांचं असं होतं, चालता येत नाही पण सायकल येते. सपाट रस्ता, सोबत माणूस आणि डोक्यावर हेल्मेट, एवढं सांभाळा. उतरताना मात्र जपा. ते खरंच, उतरलो की मी पुन्हा खांबच होतो.

थंडीत ही म्हणाली, चला, वाडीला जाऊ. मी म्हणालो, वाडीला मी येणार नाही, मला तिथून एकदा काढलंय. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “बरं, मग खिद्रापूरला जाऊ. तिथला देव रागावून बसलाय, तुम्हीही रागावलाय. जमेल तुमचं.” खिद्रापूरच्या कोपेश्वराची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. सती माहेरी गेली ती परत आलीच नाही, शंकर कोपला, आणि त्याची समजूत काढायला विष्णू शेजारी येऊन बसला. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत. नंदी सतीबरोबर गेला तो गेलाच. म्हटलं, आमचंही वाहन, म्हणजे हे पाय, गेलेलंच आहे, जाऊ.

इचलकरंजीपर्यंत सायकली टेम्पोत टाकल्या आणि तिथून पुढे सपाट रान लागलं. ऊसतोड चालू होती. ट्रॉल्यांमधून पडलेले ऊस रस्त्याभर विखुरलेले, पाल्याच्या धुराचा वास, आणि दोन्ही बाजूंना भिंतीसारखा उभा ऊस. हिनं माझ्या हेल्मेटखाली कानटोपी घातली होती, त्यामुळे मी कसा दिसत होतो ते मला शिरढोणला चहा देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळलं. मी सायकलवरून उतरलोच नाही. सीट खाली करून घेतली होती, दोन्ही पाय टेकवून बसल्या बसल्या चहा प्यालो. कुरुंदवाडात ओळखीच्यांकडे मुक्काम केला. संध्याकाळी त्या संस्थानी गावाच्या घाटावर गेलो. नदी इतकी संथ होती की ती कुठल्या बाजूला वाहते ते बघायला पान टाकावं लागलं. पलीकडून वाऱ्यावर वाडीच्या आरतीचा आवाज आला. हिनं हात जोडले आणि मी पाण्याकडे बघत राहिलो. खरं सांगतो, त्या वेळी मला घरी जावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अकिवाटवरून खिद्रापूर गाठलं. मंदिराच्या आवारापासून हिच्या खांद्यावर हात ठेवून गेलो. छप्पर नसलेल्या त्या गोल स्वर्गमंडपात ऊन खाली उतरलं होतं. तिथवर ठीक चाललो. पुढे आतल्या मंडपाचं दार आलं, उंबरा दिसला, आणि पाय चिकटले. एक, दोन, तीन असं मोजून पाहिलं. हिनं हळूच ओढून पाहिलं. पाठीवर घाम आला. आतला अंधार दिसत होता, आणि मला पुन्हा वाडीची बारी दिसायला लागली. मी हिला म्हणालो, “इथंही नकोच आहे मी. चल.” आणि मला रडू आलं. साठी उलटलेला माणूस देवळात रडतोय याची मला लाजही वाटली नाही, इतका मी थकलो होतो.

खांबाशी एक बाई टेकून बसली होती. साठीची असेल, कमरेला पदर खोचलेला. बाहेर आवारात म्हशीसाठी आणलेला उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, म्हणजे वाड्याचा, भारा दिसला होता, तो तिचाच. हातात एक ऊस होता. ती उठून आली आणि तिनं शेतात हाक मारावी तशा आवाजात हिला विचारलं की पाय किती दिवस असे धरतात. हिनं सांगितलं. बाई म्हणाली, “आमच्या मामंजीस्नी बी असंच व्हायाचं. सपाट भुईवर थांबायचं, पर म्हशीचं दावं आडवं आलं की वलांडून जायाचं.” तिनं ऊस गुडघ्यावर मोडला, हातभर कांडं माझ्या पायापुढे आडवं ठेवलं आणि म्हणाली, “पावणं, उंबऱ्याकडं बगू नगासा. ह्यो ऊस वलांडा.”

मी खाली पाहिलं. हिरवट पिवळं कांडं, त्यावर पांढरी भुकटी. आणि माझा पाय उचलला गेला. मी उचलला असं म्हणायला जीभ रेटत नाही. कांडं ओलांडलं, तिनं ते पुढं ठेवलं, पुन्हा ओलांडलं, आणि बघतो तर उंबरा मागे राहिला होता. गाभाऱ्यापर्यंत ती अशी वाकत वाकत आली. तिच्या गुडघ्यांचा कटकट आवाज मला ऐकू येत होता. मी नमस्कार करून मान वर केली तेव्हा ती सहज म्हणाली, “देव रागीट हाय, पर दारातनं कुनाला माघारी धाडत न्हाय.” माझ्या मनात सहा महिने काय साचलंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हिनंही नाही. हिच्यापाशी मी वाडीचा राग काढला होता, पण देवानं मला दारातून परत पाठवलं, हे शब्द कधी तोंडातून काढले नव्हते. कांडं माझ्या हातात देऊन ती म्हशी खोळंबल्यात म्हणत भारा उचलायला निघून गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

परतीच्या वाटेवर मी हिला न विचारता वाडीकडे हँडल वळवलं. तीही मागोमाग वळली. बारीत पाय अडकले, अपेक्षेप्रमाणे. हिनं वाकून कांडं ठेवलं. चौथ्या वेळी तिची कंबर धरली, तेव्हा मागचा एक अनोळखी माणूस म्हणाला, “काकू, तुम्ही थांबा, मी ठेवतो.” पुढे तो दमला की त्याच्या मागच्यानं घेतलं. कुणी सरका म्हणालं नाही. असा उसाच्या एका कांड्यावरून मी ती दहा पावलं गेलो. समोर पादुका होत्या. चाळीस वर्षं मी तिथं डोकं टेकत आलो, पण देवानं तिथं आपल्यासाठी नुसती पावलंच ठेवलीत, हे त्या दिवशी पहिल्यांदा मनात शिरलं. माझे पाय परत दे, असं मागायचं ठरवून आलो होतो. ते मागायचं राहिलं. डोळे भरून आले आणि एवढंच म्हणालो, ठेवशील तसा राहीन.

डॉक्टरांना सांगितल्यावर ते म्हणाले, यामागे शास्त्र आहे, मेंदूला समोर खूण मिळाली की पाऊल सुटतं. असेल. त्यांच्याशी माझा वाद नाही. संक्रांतीनंतर तिळगूळ घेऊन आम्ही पुन्हा खिद्रापूरला गेलो आणि त्या बाईंचं घर शोधून काढलं. म्हशीच्या धारा काढत होत्या. मी आभार मानायला लागलो तर त्यांनी बोलणं तोडूनच टाकलं, “मी काय केलं? ऊस ठिवला.” आणि लोटाभर धारोष्ण दूध पुढं केलं.

आजार आहे तसाच आहे, थोडा वाढलाही आहे. हे मी सांगतोय आणि ही लिहून घेतेय, कारण माझं अक्षर आता मलाच लागत नाही. पहिलं कांडं वाळून गेलं. आता कोपऱ्यावरचा रसवाला आठवड्याला एक ताजं देतो, का ते विचारत नाही. सकाळी मी न्हाणीघराच्या दाराशी थांबतो, ही पदर सावरून खाली वाकते आणि कांडं आडवं ठेवते. आयुष्यभर मी इतकं चाललो आणि सगळं माझ्याच पायांनी चाललो असं समजत होतो. आता रोज दिसतं की माझ्या पुढ्यात कुणीतरी वाकलेलं असतं.