घरमालकांच्या कम्प्युटरवर नवी सिस्टीम

नोकरी गेली त्याला नऊ दिवस झाले होते. कंपनीचा लॅपटॉप परत केला, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी तो माझ्यादेखत कोरा केला आणि माझी सही घेतली. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जे. पी. नगरातल्या भाड्याच्या घरात मी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून नुसता बसायचो. बायकोला सगळं माहीत होतं.

खाली घरमालक राहायचे. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, तीन पिढ्यांपासून बंगळुरूत रुजलेलं, बोलण्यात कन्नड शब्द मिसळलेलं मराठी घर. त्या सकाळी ते जिना चढून वर आले.

"अहो, स्वल्प खाली येता का? कम्प्युटर काहीतरी म्हणतोय."

पडद्यावर सूचना होती. या ऑपरेटिंग सिस्टीमला यापुढे सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, आणि नवी आवृत्ती या यंत्रावर चालणार नाही. दुकानदाराने त्यांना नवाच कम्प्युटर घ्यायला सांगितलं होतं.

"चालू तर होतोय," काका म्हणाले. "मग बिघडलंय काय? आणि ही ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे नक्की काय? तुम्ही त्यातलेच ना?"

मी सांगायला लागलो. दोन वाक्यांतच लक्षात आलं, की मी मीटिंगमधले शब्द बोलतोय. सतरा वर्षं या धंद्यात होतो, पण माझं काम माणसांची वेळापत्रकं सांभाळायचं. लॅपटॉप अडला की तक्रार नोंदवायची. कुणीतरी तो नीट करून द्यायचं. सिस्टीम मी जन्मात कधी घातली नव्हती.

"उद्या सांगतो," म्हटलं आणि वर येऊन दिवसभर वाचत बसलो.

दुसऱ्या दिवशी सांगितलं, "कुठल्या प्रोग्रामला किती मेमरी, कुणाचं काम आधी, फाइल डिस्कवर कुठे ठेवायची, प्रिंटरला निरोप कसा पोचवायचा, हे सगळं बघणारा प्रोग्राम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम."

"शिफ्टचा सुपरवायझर."

"हो."

"मग तेच सांगायचं ना काल."

तुमचं यंत्र धडधाकट आहे, म्हटलं, फक्त त्यात शिरायच्या नव्या वाटा चोर शोधत राहतात आणि त्या बुजवणारं आता कुणी नाही.

पेनड्राइव्हवर मी एक फुकट मिळणारी, जुन्या यंत्रावरही चालणारी आणि अपडेट मिळत राहणारी सिस्टीम घेतली होती. आधी ती तिथूनच चालवून पाहिली, आतलं काहीही न बदलता. इंटरनेट लागलं, आवाज आला, कन्नड टाइप झालं. मग फोटो आणि कागदपत्रं वेगळ्या डिस्कवर उतरवली. काकांनी त्यातले वीसेक फोटो स्वतः उघडून बघितले, तेव्हा कुठे मान हलवली.

शेवटी सिस्टीम घालायला घेतली, तेव्हा सूचना आली : कम्प्युटरच्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. माझं बोट थांबलं.

"सगळं उतरलंय ना?" काकांनी विचारलं.

"उतरलंय."

"मग दाबा."

पडद्यावरची पट्टी हळूहळू सरकू लागली. काकांनी कॉफी आणली आणि पडद्याकडे बघतच म्हणाले, "ऑफिस सुटलं ना तुमचं? गाडी हलली नाही इतक्या दिवसांत."

"हो." मग उगाच म्हणालो, "काही वाटतच नाही, काका."

"सरी, ठीक आहे. नाही वाटत तर नाही वाटत. कॉफी घ्या, गार होतेय."

प्रिंटरने मात्र दोन दिवस दाद दिली नाही. तिसऱ्या दिवशी योग्य तो ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरची भाषा सिस्टीमला समजावणारा छोटा प्रोग्राम, सापडला आणि चाचणीचा कागद बाहेर आला. काकांनी तो घडी घालून फायलीत ठेवला. मला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. पण त्या दुपारी मी गाढ झोपलो.

पुढच्या चार महिन्यांत काकांच्या ओळखीच्या पाच घरी जाऊन अशीच सिस्टीम घालून आलो. मग एका लहान कंपनीत नोकरी लागली, पगार आधीपेक्षा कमी. रुजू होण्याच्या आदल्या दिवशी बसवनगुडीत एका आजींकडे होतो. नव्या सिस्टीमने पासवर्ड मागितला. आजींनी एक तळहात कीबोर्डवर आडवा धरला आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटाने सावकाश टाइप करायला लागल्या. मी पाठ वळवून खिडकीपाशी उभा राहिलो. त्यांना बराच वेळ लागला.