निळ्यात सोडलेले दोन ठिपके

टेबलावर चित्र वाळतंय. नदीकाठची आमची दीपमाळ, चांदण्यातली, नुसत्या निळ्या रंगात. हे दर त्रिपुरी पौर्णिमेला असंच चित्र काढायचे. "चांदणं रंगवायचं नसतं गं, तिथे कागद कोरा सोडायचा," म्हणायचे. दीपमाळेच्या पायथ्याशी दोन ठिपके कोरे सोडायचे; ते आम्ही दोघं.

यंदा हे नाहीत, म्हणून ब्रश मी हातात घेतला. निळ्यात पाणी घालत फिका करत गेले. न रंगवलेल्या जागेला चित्रात उजेड म्हणतात. घरात तसं होत नाही.

बघून बघून सवय झालेली, दोन्ही ठिपके कोरेच राहिले. एक बुजवायला ब्रश टेकवणार, तोच हात थांबला. ठिपके अगदी सारखे. त्यांतला यांचा कोणता, ते मी कधी विचारलंच नव्हतं.