खोगिराची परीक्षा

चामराजपेटेत ब्लाउज शिवणाऱ्या सुशीलाबाईंच्या मुलीच्या मानेवर पांढरा डाग दिसला, तेव्हा तिच्या लग्नाची बोलणी चालू होती. ही गोष्ट बाहेर फुटून चालणार नव्हतं. भाचा योगीराजने त्यांच्या फोनवर एक ब्राउझर घालून दिला. “मावशी, यावर शोध. हा कुणाचंच काही बघत नाही.”

“असं कोण म्हणतं?”

“ते स्वतःच म्हणतात की!”

“कापडवालाही म्हणतो, रंग जाणार नाही.”

नव्या कापडाचा कोपरा भिजवल्याशिवाय सुशीलाबाई कात्री लावत नाहीत. म्हणून डागाबद्दल विचारण्याआधी त्यांनी त्या ब्राउझरवर घोड्याचं खोगीर शोधलं आणि आठवडाभर खोगिराच्या जाहिरातीची वाट पाहिली. ती आली नाही.

“आता तरी पटलं?” योगीराजने विचारलं.

“खोगीर विकणारे असे किती असतील? डागाचं मलम विकणारे गल्लोगल्ली आहेत.”

शेवटी लेकीला घेऊन त्या मल्लेश्वरमच्या डॉक्टरांकडे गेल्या. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. खिडकीतल्या बाईने मोबाइल नंबर मागितला.

“तो कशाला?”

“कंप्यूटरला लागतो, अक्का. स्वल्प लवकर सांगा.”

सुशीलाबाईंनी योगीराजचा नंबर सांगितला.