सासऱ्यांनी मागितलेली शिक्षा

आमच्या सासऱ्यांइतका शिक्षेवर भरवसा असलेला माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत धुंडाळूनही सापडला नसता, न्यायाधीशांतसुद्धा नाही. बेफाम गाडी हाकणाऱ्याला जन्मठेप आणि गाडी चालवताना दुसरीकडे बघणाऱ्याला निदान दहा वर्षं, असा त्यांचा दर ठरलेला होता. "दोघाचौघांना आत टाका, मग बघा सगळे कशे सरळ चालतात," हे वाक्य मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोह्यांच्या आधी ऐकलं. त्यांचा चुलतभाऊ हायवेवर ट्रकखाली गेला होता. तो ट्रकवाला जामिनावर सुटून त्याच रस्त्याला पुन्हा ट्रक चालवताना मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, स्वतः पाहिला होता. तेव्हापासून हे सुरू झालं, असं सासूबाई सांगायच्या.

मामा भातशेती करत आणि किन्हवलीजवळच्या गावातून जुन्या स्कूटरवर शहापूरच्या बाजाराला येत. नव्वदच्या दशकात त्या रस्त्यावर हेल्मेट घालणारे ते एकटेच असावेत. वाटेत कुणी रामराम घातला, तर चालत्या गाडीवरून उत्तर द्यायचं नाही. स्कूटर कडेला घेऊन स्टँडवर लावायची, हेल्मेट काढायचं आणि मग हात जोडायचे. घाईतली माणसं त्यांना लांबून पाहिलं की झाडाआड होत. एसटीत कुणी ड्रायव्हरशी गप्पा मारू लागला, तर ते त्याला हाताला धरून आपल्या शेजारी बसवत आणि उतरेपर्यंत त्याच्याशी स्वतःच बोलत, मग विषय असो वा नसो. म्हशाच्या यात्रेत लोक बैल बघत हिंडायचे. मामा टपावर माणसं चढवलेल्या जीपा बघत हिंडायचे आणि कुणाला किती वर्षं पडायला हवीत ते त्या त्या ड्रायव्हरला सांगायचे. ड्रायव्हर हसून त्यांना चहा पाजत. मला मात्र त्या माणसाचं कौतुक वाटे. दुसऱ्याला सांगितलेलं स्वतः पाळणारे किती असतात?

मग गावागावांत मोबाइल आले आणि मामांच्या दहा वर्षांची वीस झाली.

एका बाजाराच्या दिवशी ते घरी परतत होते. समोरून एक जीप आली. ड्रायव्हरची मान वाकडी, कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन. जीप बाजूने गेली तशी मामांनी मान वळवली आणि फोन खाली ठेव म्हणून त्याला ओरडले. तेवढ्यात स्कूटर कडेला गेली आणि गवताचा भारा घेऊन चाललेल्या वाडीतल्या एका म्हातारीला लागली. ती भाऱ्यासकट पडली. हात मोडला. जीपवाल्यानेच गाडी वळवून दोघांना शहापूरच्या दवाखान्यात नेलं.

तिच्या हाताला प्लास्टर झाल्यावर मामा पोलीस ठाण्यात जाऊन बसले आणि माझ्यावर केस करा म्हणाले. म्हातारी म्हणत होती, "दादा, भाऱ्यावर पडली म्हनून वाचली. आता कोर्ट नको." हवालदारही मिटवून टाका म्हणत होता. मामा उठायला तयार नव्हते. शेवटी केस झाली. कोर्टात त्यांनी लगेच गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी दंड सांगितला, तरी ते पिंजऱ्यातून उतरेनात. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना जी शिक्षा मागत होतो ती मला द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. कायद्यात बसते तेवढीच देता येते, असं न्यायाधीशांनी त्यांना समजावलं. आजूबाजूचे वकील हसले. मी सोबत होतो. मला हसू आलं नाही.

परतताना मी विचारलं, आता जन्मठेपेचं काय?

"जावई, शिक्षा मीच ठरवलेली. मला तर ती तोंडपाठ," ते म्हणाले. "पन मान वळली त्या टायमाला आठवलीच नाय. मग त्या फोनवाल्याला कुठं आठवनार?"

"म्हणजे शिक्षा नकोच?"

"पायजे तर. तिचा हात मोडला, तो कोनीतरी मोडला, येवढं सरकारनं बोलायला पायजे ना. पन तेवढ्यानं दुसऱ्याचा हात वाचंल, असं आता छातीवर हात ठेवून सांगवत नाय."

स्कूटर त्यांनी पुन्हा चालवली नाही. लायसन परत द्यायला गेले, तर ते परत कसं घ्यायचं हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. म्हातारीचा हात जुळेपर्यंत तिच्या गुरांचं गवत मामांनी डोक्यावरून वाहिलं. पांढरं धोतर, वर डोंगराएवढा हिरवा भारा, आणि मागे म्हातारी, भारा नीट बांधला नाही म्हणून कुरकुरत. त्यांना पाहून जीपवाले वेग कमी करत. मामा दिसेनासे झाले की पुन्हा वाढवत असतील. मी काही शपथ घेणार नाही.

पुढे मामांचा फिरस्तेपणा सुटला आणि ते ओट्यावर बसू लागले. मी कल्याणहून मोटारसायकलवर गेलो की पाणी देण्याआधी विचारत, "वाटेत काय काय दिसलं?" मी सांगायचो: अमक्या शेतात लावणीसाठी भाताचं आवण उपटायला बाया उतरल्यात, पुलाजवळ शाळेची पोरं रस्ता ओलांडत होती, एक आजोबा शेळ्या घेऊन चालले होते. ते डोळे मिटून ऐकत. एखाद्या वेळी मला काहीच सांगता आलं नाही, तर रागावत नसत. नुसते माझ्याकडे बघत राहत, आणि ते बघणं मला फार लागे.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ओटा रिकामा असतो. तरी गाडी लावून मी पायरीपाशी जरा थांबतो. कुणी विचारत नाही. पण वाटेत दिसलेली सगळी माणसं माझ्याजवळ सांगायला असतात.