वंदनावहिनीने उभा केलेला ट्रक

वंदनावहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होते. वाकडच्या पुलाजवळ बस नेहमीसारखी अडकली होती. दादा एवढंच म्हणाला, "वंदना गेली गं." मी "निघालेच आहे" म्हटलं आणि फोन ठेवला. आणि मग मनात पहिला जो विचार आला तो असा, की म्हणजे आताही बाबांकडे तीच आधी पोचली... आमच्या घरात मेल्यावर कोणी कोणाला भेटतं असं मानत नाहीत. बाबांनी ते खूळ लहानपणीच आमच्या डोक्यातून काढून टाकलं होतं. तरी विचार आला. जलदानविधी होऊन आता महिना उलटला, तिच्या माहेरची माणसं नागपूरला परतली, आणि मी तिच्यावर लिहायला बसले आहे. पण लिहायचं तर त्या हेव्यापासूनच सुरुवात करायला हवी. कारण माझ्या भावाच्या या बायकोचा मी इतकी वर्षं मनापासून हेवा केला, आणि तिला ते लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं.

बाबा लष्करात ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी खडकीच्या लिलावात लष्कराने मोडीत काढलेला एक वन-टन ट्रक घेतला. उंच, चौकोनी नाकाचा, चारही चाकांना जोर मिळणारा. मावळात, मुळशीच्या डोंगरात, पावसाळ्यात जिथे दुसरी गाडी चढत नसे तिथे बाबा सिमेंटचे पाइप, पत्रे, शाळेचे बाक नेऊन पोचवत. त्या ट्रकवर आमचं बोपोडीतलं घर उभं राहिलं, दादाचं आणि माझं शिक्षण झालं. पुढे आई गेली. बाबांना साखरेचा आजार जडला, नजर अधू होत गेली, आणि ट्रक घरामागच्या मोकळ्या जागेत उभा राहिला तो राहिलाच. टायर बसले, ताडपत्रीच्या चिंध्या झाल्या, बॉनेटखाली उंदरांनी संसार मांडला. मी शाळेत असताना बाबा गाडीखाली झोपून काम करत, तेव्हा मी शेजारी उकिडवी बसून विचारायची, "बाबा, मी पाना देऊ?" ते म्हणायचे, "हात काळे होतील, मीना. तू आत जा, पुस्तक घे." मी आत जायची, पुस्तक घ्यायची. घेत घेत इंजिनिअर झाले, हिंजवडीत शेतं होती तिथे काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या तेव्हा त्यातल्या एकीत पहिल्यापहिल्यांनी नोकरीला लागले. माझे हात कधीही काळे झाले नाहीत.

दादाचं लग्न झालं त्याच सुमारास आमच्या भागात कंपन्यांमधली मुलं खोल्या शोधत फिरू लागली होती. दादाने बेत केला, की मागची जागा मोकळी करून दोन खोल्या काढू. भंगारवाला येऊन ट्रक बघून गेला, सोमवारी गॅस कटर घेऊन येतो म्हणाला. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे माझ्या नाही आलं. घरात येऊन महिनाही न झालेल्या वहिनीच्या आलं. डिप्लोमा करून ती भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये कामाला होती. संध्याकाळी ती मागे गेली, बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत डोकं घालून उभी राहिली. मग येऊन दादाला म्हणाली, "त्या भंगारवाल्याला काहून बोलावलंत? इंजिन जाम आहे, मेलेलं नाही. मला एक रविवार द्या." दादा हसला. बाबांनी मात्र खुर्चीतून मान वर केली आणि विचारलं, "जाम आहे, हे तुला कसं कळलं?"

त्या एका रविवाराची पुढे कितीतरी वर्षं झाली.

प्लग काढून तिने त्यांच्या भोकांतून डिझेल आणि ऑइल ओतून ठेवलं. दर रविवारी ती पुढून हँडल घालून सगळं वजन टाकायची, आणि हँडल हलायचं नाही. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसायचे, दिसायचं अंधुक, पण कान तिकडे. असाच एक रविवार... मी चहाचा ट्रे घेऊन मागच्या दारात आले होते. हँडल बोटभर सरकलं असेल. आवाज असा काही झालाच नाही, पण बाबा खुर्चीतून उठले. "थांब. परत मार." तिने परत जोर लावला. "फिरलं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काळा, तेलकट हात. माझ्या निकालाच्या दिवशी त्यांनी मला पेढा दिला होता, तोही नीट कागदावर ठेवून. मी ट्रे कट्ट्यावर ठेवला आणि आत निघून गेले. चहा गार झाला असणार, कोणी विचारायलाही आलं नाही.

बाबा तिच्यावर ओरडायचे, त्याचासुद्धा मला हेवा वाटायचा. "अगं ए येडे, नट नरड्याला आलाय, आन् अजून पिळतीयास व्हय?" हे बाबा माझ्या ओळखीचे नव्हते. माझ्याशी ते शाळेतल्या गुरुजींशी बोलावं तसं जपून, शुद्ध बोलत. 'जेवण झालं का', 'कार्यालयातून उशीर झाला वाटतं'. त्यांच्या गावची बोली, त्यांच्या शिव्या, चढावर तुटलेल्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या गोष्टी, सगळं वहिनीच्या वाट्याला. मी मागच्या खिडकीशी उभी राहून ऐकायची.

एकदा तिच्याबरोबर मी नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांत हिंडले. ब्रेकची रबरं हवी होती. एका दुकानदाराने नमुना हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "बाई, या गाडीचा ड्रायव्हर तरी हयात आहे का?" वहिनी म्हणाली, "आहे. घरी वाट बघतोय. रबरं द्या." त्याने माळ्यावर चढून धुळीतून एक डबा काढला. जी वस्तू कुठेच मिळाली नाही, ती तिने स्वतः केली. पुढची चाकं डुगडुगायची, त्यांच्या पितळी बुशी तिने साहेबांच्या परवानगीने कारखान्यातल्या लेथवर काढून आणल्या. बाबांनी त्या बोटांनी चाचपल्या, अंगठ्याच्या नखाने कड तपासली आणि खिशात ठेवून दिल्या. दिवसभर त्या त्यांच्या खिशात होत्या.

कंपनीच्या एका मोठ्या कामासाठी आमची आख्खी टीम अमेरिकेला पाठवली गेली, त्यात मीही गेले. परत येताना बाबांसाठी चकचकीत पान्यांचा संच आणायचा, हे मी जातानाच ठरवलं होतं. ते उघड उघड लाच देणं होतं. बाबांनी तो पेटीसकट हातात घेतला, झाकणावरून हात फिरवला, म्हणाले, "फार सुंदर आहे. खराब होईल." आणि काचेच्या कपाटात ठेवून दिला. ट्रकला मात्र त्याआधीच जाग आली होती. तिकडून मी रविवारी घरी फोन करायची. बाबा दोन वाक्यं बोलत. थंडी फार असेल, तब्येत सांभाळ. एका रविवारी ते दुसऱ्या वाक्यावर होते, आणि त्यांच्या मागून एक खोकला ऐकू आला, मग दुसरा, आणि मग एकसारखी घरघर... तो आवाज मी हजार आवाजांत ओळखला असता. लहानपणी संध्याकाळी गल्लीच्या टोकाशी तो आला की आई भाकरी टाकायला घ्यायची. "बाबा," मी म्हटलं, "तो आपला..." बाबा म्हणाले, "ठेवतो हं. वंदना बोलावतेय." फोन बंद झाला. परदेशातल्या त्या खोलीत मी रिसीव्हर तसाच कानाशी धरून बसले होते.

इंजिन सुरू झालं म्हणजे गाडी रस्त्यावर आणता येते असं नाही. ब्रेक, वायरिंग, सायलेन्सर, टायर, यात आणखी बराच काळ गेला. शेवटी पासिंगचा दिवस ठरला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच होतं. वाहन तपासणाऱ्या अधिकाऱ्याने ट्रकभोवती एक चक्कर मारली, दादाला म्हणाला, "चढा, चालवून दाखवा." दादा दोन पावलं मागे सरकला आणि वहिनी वर चढली. अधिकाऱ्याने तिला चढावर नेऊन थांबवायला लावलं, हातब्रेकवर सोडायला लावलं. ट्रक जागचा हलला नाही. मागे पुढे करून पाहिलं, दिवे पाहिले. मग त्याने बाबांना विचारलं, "आजोबा, गाडी कोणाची?"

कागदावर ती बाबांच्याच नावावर होती. आम्ही चौघं तिथे उभे होतो. बाबांनी हात उचलला, अंदाजाने वहिनीच्या दिशेने नेला आणि म्हणाले, "हिची."

पुढच्याच रविवारी आम्ही खडकवासल्याला गेलो. वहिनी चालवत होती, तिच्या शेजारी बाबा, आणि मी आणि दादा मागे फळीवर. मागून मला बाबांचं डोकं दिसत होतं. ते पूर्ण रस्ता तिला गिअर सांगत होते, आणि ती ते सांगायच्या आधीच बदलत होती. धरणाच्या भिंतीलगत गाडी लावून दादा आणि वहिनी भजी आणायला गेले. मी बाबांच्या शेजारी कठड्यावर बसले. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं.

"बाबा, मला का नाही शिकवलंत?"

"काय?"

"हे. गाडीचं."

बाबांनी पाण्याकडे तोंड केलं. मग म्हणाले, "तुला यातून बाहेर काढायला तर ती चालवली, मीना."

"मला बाहेर यायचं होतं का, हे विचारलंत?"

"नाही विचारलं," ते म्हणाले. "माझ्या बापानं मला विचारलं नव्हतं, यात ढकलताना. मी तुला विचारलं नाही, काढताना..." तेवढ्यात भजी आली. बाबांनी पहिलं भजं चाचपून उचललं आणि माझ्या हातात दिलं. त्यांच्या उत्तराने मी निवले, असं मी म्हणणार नाही. बरोबर होतं उत्तर. पण परत येतानाही शेजारी मी नव्हते.

बाबा गेले ते ट्रक रस्त्यावर आल्यानंतर दोनएक पावसाळ्यांनी. नंतरही वहिनीने तो उभा राहू दिला नाही. दर रविवारी एक फेरी. एप्रिलमधल्या जयंतीच्या मिरवणुकीत तो फुलांनी सजून निघायचा, गल्लीतली पोरं मागे लोंबकळायची आणि ती पहिल्या गिअरमध्ये तासन्‌तास इंजिन तापू न देता न्यायची. मला दोनतीनदा म्हणाली, "ये, शिकवते." मी म्हटलं, वेळ नाही. माझ्याकडे गाडी होती, एसी होता. आणि बाबांच्या हातचं शिकणं तिच्या हातून घ्यायची माझी तयारी नव्हती.

यंदा तिच्या पोटात गाठ निघाली आणि सगळं फार भराभर झालं. शेवटची भेट दवाखान्यात, दुपारी. दादा औषधं आणायला खाली गेला होता. तिचे हात मी पहिल्यांदाच इतके पांढरे पाहिले. ती म्हणाली, "रविवारी चालू करत जा. तुझ्या दादाला जमत नाही, घाबरतो तो. सुरू झाला की लगेच बंद करू नको, तापू दे जरा."

"बघते," मी म्हटलं.

"बघते नको म्हणू." मग डोळे मिटूनच म्हणाली, "मीना, तुला वाटतं बाबांनी मला सगळं दिलं. अगं, गाडीखाली मी आणि वर खुर्चीत ते. अर्धा वेळ तुझंच. मीनानं हे केलं, मीनाचं विमान आता कुठं असेल. येईल त्याला ते कपाट उघडून पाने दाखवायचे. मला तर कंटाळा यायचा बाप्पा."

मला बरं वाटावं म्हणूनही ती म्हणाली असेल. ती तशी होती. मी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. बरं मात्र वाटलं, आणि ते तिच्याच तोंडून ऐकावं लागलं, याचा परत थोडा रागही आला.

गेल्या रविवारी मी पहिल्यांदा त्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या सीटवर बसले. क्लचवर पाय ठेवला तर तो भलत्याच उंचीवर. वाकून पाहिलं. पेडलवर सागाचा एक ठोकळा दोन बोल्टांनी आवळून बसवला होता. वहिनी बुटकी, तिचा पाय पोचत नसे. दादा खालून म्हणाला, "बाबांनी केलाय तो. काही दिसत नव्हतं त्यांना तेव्हा, तरी आठवडाभर कानस घेऊन बसले होते. तिला सारखं चढायला लावायचे, पाय मोजायचे." ठोकळ्याच्या मधोमध तिच्या चपलेने झिजून एक गुळगुळीत खळगा पडला आहे.

मी उंचीने बाबांवर गेले आहे. क्लच दाबायचा तर गुडघा थेट स्टिअरिंगवर आपटतो.

"काढू का?" दादा म्हणाला. "दोनच तर बोल्ट आहेत."

"नको, राहू दे."

पाय वाकडा करून मी क्लच दाबला. दोनदा बंद पडून तिसऱ्यांदा ट्रक गेटबाहेर निघाला, गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. मी तो लगेच बंद केला नाही. घरघर ऐकत बसून राहिले, पाय त्या खळग्यात. माझ्या मापाचा नाही तो... सोमवारी ऑफिसात जिने चढताना गुडघा ठणकत होता.