मागच्या सीटवरचं गिऱ्हाईक

"साहेब, तुमी बसले का कदी मांगं?"

सोनाबाई आडेंनी हे विचारलं तेव्हा मी लाल गाडीच्या टाकीवर हात ठेवून, विक्री झालीच असं दाखवत उभा होतो. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला एमआयडीसीच्या रस्त्यावर आमचं मोटरसायकलचं शोरूम आहे. तिथं मी सेल्स मॅनेजर. निम्मं आयुष्य गाड्या विकण्यात गेलं. कोणत्या गाडीची टाकी किती लिटरची, हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगतो. पण मागे? मागे कशाला बसू? गाडी मी चालवतो, मागे बायको बसते. आमच्या घरी तरी असंच चालत आलंय.

"बसलो ना बाई," मी म्हणालो.

"कवा?"

मला शाळेत असताना काकांच्या मोपेडवर बसलेलो तेवढं आठवलं. ते सांगण्यासारखं नव्हतं.

आता हे आडे कोण, ते सांगतो. हरसिंग आडे पांढरकवड्याच्या अलीकडच्या एका बंजारा तांड्यावरचे. कापूस आणि तूर. त्यांचं वावर नागपूर-हैदराबाद हायवेला लागून आहे. लहानपणी गुरं राखताना दिवसभर ट्रक मोजायचे. दक्षिणेकडे जाणारे वेगळे मोजायचे. एकदा ढाब्यावर कुणा ड्रायव्हरला त्यांनी विचारलं, हा रस्ता जातो कुठवर? तो म्हणाला, कन्याकुमारीला संपतो, पुढं समुद्र. तेव्हापासून हरसिंगभाऊंच्या डोक्यात ते बसलं. पोरीचं लग्न झालं, पोरगा वावर पाहायला लागला, तशी ही इच्छा पुन्हा वर आली.

"मले तो रस्ता संपते कुठी, ते पाहाचं हाय," ते मला म्हणाले होते. "अन् हिले दाखवाचं हाय. रेल्वेनं नाही. रेल्वेच्या खिडकीतून रस्ता दिसत नाही."

सोनाबाईंची अट एकच होती. पाठ दुखली तर त्या येणार नाहीत. आणि त्या येणार नसतील तर हरसिंगभाऊ जाणार नाहीत. म्हणजे समुद्र जागेवरच राहणार.

अशा लांबच्या प्रवासासाठी स्पोर्ट टूरिंग नावाचा गाड्यांचा एक प्रकार असतो. शर्यतीच्या गाडीचं इंजिन आणि अंगकाठी, पण बसणं थोडं सरळ, समोर वारा अडवायला काच, मागे बॅगा लावायची सोय. आमच्याकडे तशा दोन होत्या. एक लाल. ती काचेच्या दाराशी दिव्याखाली उभी, बरेच दिवस कुणी नेली नव्हती. दुसरी करडी, डेमोची, कोपऱ्यात. ती विकायची तर नागपूरहून नवी मागवावी लागणार, म्हणजे बिल पुढच्या महिन्यात. आणि आमच्या शेठजींचं टार्गेट याच महिन्याचं होतं.

तेव्हा मी कोणती गाडी दाखवली असेल, हे तुम्हीच ओळखा.

हरसिंगभाऊ लाल गाडीवर एकटेच एक चक्कर मारून आले आणि नवरदेवासारखे उतरले. मी पेढ्याचा डबा मागवणार, एवढ्यात सोनाबाई म्हणाल्या, "रिकाम्या बैलाची चाल पाहून बैल घेत नाहीत. वज्जं टाकून पाहा."

आमच्याकडे बैलबाजारात बैलजोडी अशीच बघतात. गाडीला जुंपून, चाकं बांधून, मग ओढायला लावतात. उभा बैल काय, सगळेच देखणे. तर बाई मागे बसल्या, दोघं एमआयडीसीला एक वळसा घालून आले. बाई उतरल्या, कमरेवर हात ठेवून जरा वेळ उभ्या राहिल्या.

"हे मले जमत नाही. तुमी जा एकले."

"एकला कायले जाऊ?" हरसिंगभाऊंनी चावी काउंटरवर ठेवली.

मग दोघं आपसात त्यांच्या गोरबोलीत बोलले. मला त्यातलं काही येत नाही, पण नवराबायकोचं होतं, त्यामुळे सगळं समजलं. मी घाईनं मध्ये पडलो. म्हणालो, बाई, ही सीट इंजिनिअर लोकांनी अभ्यास करून बनवली आहे, दोन दिवसांत सवय होते. त्यावर त्यांनी तो प्रश्न विचारला, जिथून मी सुरुवात केली.

"बसले नाही ना? मंग बसा," त्या म्हणाल्या. "मी अठीच हाय. जाऊन या मोहद्यापावेतो."

मी शेठजींकडे बघितलं. शेठजी केबिनच्या दारात उभे राहून ऐकत होते. "जाओ गावंडे," ते म्हणाले. "पेट्रोल माझं. पाठ तुमची."

मोहदा पांढरकवड्याच्या रस्त्यावर साधारण अर्ध्यात येतं. मी हेल्मेट घातलं आणि चढायला लागलो. चढायला म्हणतो, कारण लाल गाडीची मागची सीट पुढच्यापेक्षा वीतभर उंच होती. आमच्या भाषेत तिला स्प्लिट सीट म्हणतात. फोटोत फार सुंदर दिसते. तिच्यावर बसलं की माणूस माळ्यावर चढलेल्या मांजरासारखा सगळ्यांना दिसतो, आणि गुडघे छातीशी येतात. माझं पोट आधीच तिथं होतं. गुडघे आणि पोट यांची जागेवरून वाटाघाट यवतमाळ शहर संपेपर्यंत चालू होती.

पुढं उतार लागला. हरसिंगभाऊंनी ब्रेक दाबला. मी घसरलो आणि माझं हेल्मेट त्यांच्या हेल्मेटला लागलं. टक.

"बोला," ते ओरडले.

"काही नाही."

पुन्हा ब्रेक, पुन्हा टक.

"बोला ना साहेब."

"काहीच नाही म्हटलं."

तिसऱ्या वेळी त्यांनी गाडी बाजूला घेतली. "तुमी खटखट करून राह्यले, अन् इचारलं तं काहीच नाही म्हनता. काय झालं काय?"

"भाऊ, मी करत नाही. सीटच करते."

धरायला मागे कडी नव्हती. म्हणजे होती, पण सीटच्या खाली, जिथं हात घालायचा तर खांदा निखळवून बाजूला ठेवावा लागेल. शेवटी मी लाज सोडून हरसिंगभाऊंच्या कमरेला मिठी मारली. जोडमोह्याच्या स्टँडवर एस.टी.ची वाट बघणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

मोहद्याला चहा मी उभ्यानं प्यालो. टपरीवाल्यानं दोनदा स्टूल पुढं सरकवलं. मी दोनदा परत सरकवलं.

"साहेब, जाताना एस.टी.नं जाता का?" हरसिंगभाऊंनी अगदी काळजीनं विचारलं.

तेवढ्यात मला एक सुचलं. बदला म्हणा हवं तर. "भाऊ, जाताना मी चालवतो. तुम्ही मागे या."

ते हसत चढले. पहिल्या गतिरोधकावर टक. दुसऱ्यावर टक. मी मोठ्यानं विचारलं, "बोला." जोडमोह्याजवळ ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ही माही बायको लग्नापासून माह्या मांगं बसते. कदी बोलली नाही बाप्पा."

"आज बोलली ना."

"आज बी मोजकंच बोलली."

लोहाऱ्याला पोचलो तेव्हा आम्ही दोघं कमरेवर हात ठेवून आत शिरलो. शोरूममध्ये वेगळंच चित्र. सोनाबाई बसून राहणाऱ्यातल्या नव्हत्या. आमच्या मागे त्यांनी मेकॅनिकला गाड्या धरायला लावल्या आणि एकेका गाडीच्या मागच्या सीटवर बसून पाहिलं. शेठजी स्वतः चहाचा कप घेऊन त्यांच्या मागोमाग फिरत होते. आता त्या कोपऱ्यातल्या करड्या गाडीवर मांडी सैल सोडून बसल्या होत्या. तिची सीट सलग, रुंद, पुढच्यापेक्षा जेमतेम बोटभर उंच. दोन्ही बाजूंना धरायला जाड कड्या.

"हे," त्या म्हणाल्या.

शेठजींनी मला डोळ्यांनी खुणावलं आणि आवाजात साखर घातली. "बाई, ही दिसायला साधी आहे. लाल घेतली तर बॅगा फ्री देतो. हो ना गावंडे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. टार्गेट माझंही होतं. पण माझी कंबर त्या क्षणी माझ्या हातात होती, अक्षरशः.

"नाही शेठजी," मी म्हणालो. "मी बसून आलो."

"अरे, तुमचं वजन किती, बाईंचं किती?"

"तुम्ही बसून या मग. मोहद्याचा चहा चांगला आहे."

शेठजींनी लाल सीटकडे पाहिलं, स्वतःकडे पाहिलं. "करडीच सांगतो नागपूरला," ते म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

संध्याकाळी घरी बायको माझ्या पाठीला बाम चोळत होती. मी तिला सगळी हकिकत रंगवून सांगितली. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मी तं कवापासून बसून राह्यली. मले कोनं बाम लावला?" आणि बामची डबी माझ्या हातात दिली. मी लावला. न्याय म्हणजे न्याय.

पण अजून व्हायचं होतं. करडी गाडी सीटला पास झाली होती, वजनाला नाही. पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा आले ते सगळं सामान बांधूनच, जणू तिथूनच निघायचंय. गोधड्या, स्टोव्ह, ठेच्याची बरणी, कपडे. आम्ही डेमो गाडीला दोन बाजूंच्या बॅगा लावून दिल्या. हरसिंगभाऊंनी सामान भरलं, मग दोन्ही बॅगा काढून दोन हातांत तोलल्या. ठेच्याची बरणी डावीकडून उजवीकडे गेली. पुन्हा तोललं. स्टोव्ह इकडून तिकडे.

"आमचा आजा बैलावर गोण्या लादून मुलूखभर फिरे," ते म्हणाले. "एकीकडून जड झालं तं बैलाची पाठ सोलते."

"गाडीचंही तसंच," मी म्हणालो. "वळणावर ओढते."

आता इथं माझा धंदा कामी आला. दोघं सामानासकट बसल्यावर गाडीचं ढुंगण खाली गेलं आणि हेडलाइट कडुनिंबाच्या शेंड्याकडे बघायला लागला. मागच्या चाकाजवळ एक स्प्रिंग असते. ती किती घट्ट ठेवायची, हे ओझ्यावर ठरतं. त्याला प्रीलोड म्हणतात. माणूस एकटा असेल तर सैल, मागे बायको आणि ठेचा असेल तर घट्ट. मी पाना घेऊन ती आवळली. गाडी सरळ झाली, दिवा रस्त्यावर आला.

मग पुढचं बसणं. सीट, हँडल आणि पाय ठेवायची जागा, या तीन ठिकाणी माणूस गाडीला टेकतो. हा त्रिकोण अंगाला जुळला तरच दूरवर जाता येतं. हरसिंगभाऊ बुटके. हँडलपर्यंत पोचायला ते वाकत होते. मी म्हणालो, हँडलखाली एक ॲल्युमिनियमचा तुकडा बसवू, हँडल वर आणि जवळ येईल.

"मले काही नाही लागत. मी जनमभर वखर हाकलला."

"वखराला हँडल उंच असतं, भाऊ."

"तिची पाठ पाहा. माही राहू द्या."

गेले दोघं. थेट पांढरकवड्यापर्यंत जाऊन परत यायचं ठरलं होतं. दुपारभर मी दाराशी येरझाऱ्या घातल्या. शेठजी आतून म्हणाले, "तुमची पोरगी पाहायला आले आहेत का कोणी?"

गाडी आली. हरसिंगभाऊंचं तोंड उतरलेलं. मी पुढं झालो.

"काय झालं? दुखलं का?"

"काय माहीत. मोहद्याच्या पुढं बोलणंच बंद झालं हिचं. मले वाटलं, नाराज झाली. सगळा रस्ता मी काही बोललो नाही."

सोनाबाई मागून शांतपणे उतरल्या. कमरेला हात लावला नाही. पदर सारखा केला. "नाराज कायची होऊ? मले डुलकी लागली होती."

मोटरसायकलवर झोपू नये, हे मी त्यांना व्यवस्थित समजावून सांगितलं, आणि पाठीला टेकायला मागे उशी लावलेला सामानाचा डबा बसवून द्यायचं कबूल केलं. पण खरं सांगतो, इतक्या वर्षांत कोणत्याही गाडीला मी याहून मोठं सर्टिफिकेट मिळालेलं पाहिलं नाही. शेठजींनी पेढे स्वतः मागवले, तेही टार्गेट हुकलेल्या महिन्यात.

तूर निघाली आणि दोघं निघाले. रोज फोन यायचा नाही. म्हणून ज्या दिवशी आला, त्या दिवशी मी गिऱ्हाईक सोडून बाहेर गेलो.

"साहेब, संपला रस्ता," हरसिंगभाऊ म्हणाले. पलीकडे वाऱ्याचा आवाज होता. "समोर पानीच पानी हाय."

फोन सोनाबाईंनी घेतला. "हे रडून राह्यले. मी म्हनलं, संपला कायचा? गाडी फिरवली का अठूनच सुरू होते. सरळ पांढरकवड्याले जाते."

मी धंद्याचं विचारलं. "बाई, पाठ कशी आहे?"

"कोनाची?"

"म्हणजे?"

"माही ठीक हाय. यांची दोन दिवसापासून धरली. थो हँडलचा तुकडा कुरिअरनं पाठवता काय?"

मी तो त्याच दुपारी त्यांच्या वाटेवरच्या एका डीलरच्या पत्त्यावर पाठवला. शेठजींनी विचारलं, बिल कुणाच्या नावानं करायचं? मी म्हणालो, मागच्या सीटच्या.

तेव्हापासून आमच्याकडे जोडपं आलं की मी आधी मागे बसणाऱ्याला बसवून पाहतो. त्यांचं काय दुखतं ते ते सांगतात. पुढच्याला मात्र मी विचारत नाही. तो खोटं बोलतो.